पाय कापायचा की नाही

बाबा,

तुमच्यावरचा माझा राग म्हातारा व्हायला तयार नाही, कुत्रा मात्र झाला. त्याच्या पुढच्या पायाच्या हाडात कॅन्सर निघालाय. आज सकाळी नवऱ्याने त्याला उचलायला हात घातला, तर त्याने चावून मनगट फोडलं. बारा वर्षांत कधी गुरगुरलाही नव्हता. नवरा रक्त धूत म्हणाला, "मतलब, अजून किती ओढायचं त्याला?" मी हातातलं दुधाचं पातेलं भिंतीवर आपटलं. "पाय कापायचा, केमो द्यायची! मी सोडणार नाही त्याला!" आवाज थेट तुमचा होता.

सोडणं म्हणजे काय, ते तुम्हीच शिकवलंत. पोस्टिंग आली की कुत्रा क्वार्टरसोबत पुढच्या कुटुंबाला द्यायचा, ही छावणीची रीत. आपण जयपूरहून निघालो तेव्हा आपला कुत्रा दोर तोडून सामानाच्या ट्रकमागे धावला आणि मागच्या चाकाखाली आला. कंबरेचा चेंदा झालाय, पुढचं अर्धं अंग ओरडतंय. तुम्ही उतरता, सामानातलं फावडं ओढून काढता आणि त्याच्या डोक्यात घालता. पहिला घाव चुकतो. दुसरा चुकत नाही. मी तुमच्या दंडाला कडकडून चावते, तुम्ही माझ्या थोबाडीत देता आणि मला ट्रकमध्ये फेकता. "तडफडत ठेवायचं नसतं, पोरी," एवढंच म्हणालात. मग सगळा रस्ता मी तुमच्या बुटांकडे बघत बसले होते.

दुपारी इथे जयपुरातच, लग्न करून मी परत आले त्याच गावात, राजा पार्कातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मागच्या खुब्यांचा एक्स-रे समोर धरला. "टांग काट दूँ तो दर्द जाएगा, मैडम. पर इसके पीछे के दोनों कूल्हे घिस चुके हैं. खड़ा किस पर होगा? ये इलाज आप किसके लिए करवा रही हैं?" मी त्यांच्या अंगावर धावून गेले, तोंडाला येईल ते बोलले. टेबलावर तो थरथरायला लागला. पायाला कुणी हातही लावला नव्हता. तो माझ्या आवाजाला घाबरला होता.

मग मी आवाज खाली घेतला, आणि त्याला कायमचं झोपवायला हो म्हणाले.

उद्या सकाळी बाई घरी येऊन इंजेक्शन देणार आहेत. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसणार आहे. फावड्याची माफी तुम्हाला नाही. कुत्रा बरोबर घेतला असता, तर फावडं लागलंच नसतं. पण हे पत्र कुठे टाकायचंच नाहीये, म्हणून खरं लिहिते. इतके दिवस मी त्याला वाचवत नव्हते, बाबा. मी तुम्हाला हरवायला निघाले होते, त्याच्या उरणाऱ्या तीन पायांवर.