शेवटच्या थांब्यावरचा अंगठा

प्रिय मालनताई,

फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. सातवी शिकलेल्या कंडक्टरनं आपल्या अधिकारीबाईंना पत्र लिहायचं तरी कसं, या काळजीतच दिवस गेले. आता मात्र राहवत नाही. सिटी बसचा नवा करार होतोय आणि त्यातून तुमचं कलम काढणार आहेत. सोमवारी कचेरीत लोकांच्या हरकती ऐकणार आहेत.

आठवतं ना? आधी ठेकेदाराला फक्त तिकिटाचे पैसे मिळायचे. मग सगळ्या गाड्या स्टेशन ते बाजार, आणि विडी कामगारांच्या वसाहतीला एकही नाही! तुम्ही भांडून पालिकेकडून अनुदान मिळवलंत. प्रवासी असोत-नसोत, गाडी धावेल तितक्या किलोमीटरचे पैसे. मी किती खूश झालो होतो!

महिन्याभरात वसाहतीतली नरसव्वा कचेरीत आली.

"गाडी येत नाही का गं?" मी विचारलं.

"येतीया की! लई जोरात येतीया. थांबत न्हाय!"

धावण्याचेच पैसे मिळतात म्हटल्यावर थांबणार कोण? आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विड्यांची पाटी डोक्यावर घेऊन थांब्यावर उभ्या राहिलात. तुमच्या अंगावर धूळ उडवून गाडी निघून गेली! कुठला अधिकारी असं करतो हो?

मग ते कलम आलं. वसाहतीतल्या शेवटच्या थांब्यावर चढलेल्या प्रवाशाची सही किंवा अंगठा फेरीच्या कागदावर असेल, तरच त्या फेरीचं अनुदान.

"बाई, ही बस हाय का रजिस्ट्री हाफिस?" ठेकेदार म्हणाला.

"थांबायला शिका, मग कलम काढते," तुम्ही म्हणालात.

गाडी थांबायला लागली.

आता जे लिहायला हात कचरतोय, ते लिहितो. कंडक्टरचा मी फेऱ्या नोंदवणारा कंट्रोलर झालो होतो, तेव्हा एका ड्रायव्हरनं गाडी अर्ध्या वाटेतूनच वळवली. कोरा कागद माझ्यापुढे धरून रडायला लागला, "अण्णा, नोकरी जाईल." मी नरसव्वाच्या नावापुढे माझाच अंगठा उठवला.

तुम्ही तो कागद खिडकीच्या उजेडात धरलात.

"काका, हा नरसव्वाचा?"

"व्हय."

"विड्या वळून वळून तिच्या अंगठ्याला रेषा राहिल्या नाहीत. हा तर चांगला ठसठशीत उठलाय की!"

तुम्ही त्या फेरीचं अनुदान कापलंत आणि माझं नाव कुठंच लिहिलं नाहीत. एकदा तरी रागवायचं होतं! तुम्ही ओरडला असतात, तर मी तिथंच माफी मागून मोकळा झालो असतो. ती माफी राहूनच गेली.

नवे साहेब म्हणतात, आता गाडी यंत्रावर दिसते. अंगठे काय, कुणीही खोटे उठवील. यंत्राला गाडी दिसत असेल, पण मागं राहिलेली बाई दिसते का? आणि खोटा अंगठा पकडला जातो, हे आता माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? पण सांगितलं आणि पेन्शन अडवली तर? सून म्हणते, "मामा, या वयात कशाला नस्ती उठाठेव?" पण नाही सांगितलं, तर नरसव्वा पुन्हा पाटी घेऊन धूळ खात उभी राहील.

ताई, मी सांगेन. नरसव्वाला सोबत नेईन. दोघांचे अंगठे एकाच कागदावर उठवून साहेबांपुढे ठेवीन आणि खोटा अंगठा कुणाचा होता, ते माझ्या तोंडानं सांगेन. शब्द देतो.

फक्त साहेबांपुढे माझी जीभ अडखळते, तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं वाक्य काय बोलू? स्वप्नात या, नाहीतर कसंही करा, पण सोमवारच्या आत निरोप धाडा.

तुमचा,
नामदेवकाका