आमचा हॉल वाढला

२ सप्टेंबर, सकाळी ६.१०
संकल्प: या महिन्यात घराचा प्रश्न कायमचा निकालात काढणे. आहे तेच घर दुरुस्त करायचं की दुसरीकडे राहायला जायचं? दोन्ही बाजू तोलून, कुठलाही पूर्वग्रह न ठेवता ठरवणार. दुरुस्तच करायचं.

पार्श्वभूमी (नोंद असावी म्हणून): वय एकोणसत्तर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. बायकोचं म्हणणं, हे आता झेपणार नाही. मागच्या गल्लीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट तिने पाहून ठेवलाय. मालकीणबाई तीस तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत. नंतर तो एका दातांच्या डॉक्टरला दवाखान्यासाठी देणार. म्हटलं, जरूर द्या. लोकांच्या दातांची सोय झालीच पाहिजे.

खरं कारण: हिचे गुडघे गेलेत. कबूल करत नाही. माणसाने आपलं वय मान्य करायला शिकावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भाजी घेऊन येताना पहिल्या मजल्यावर थांबलो, हिच्यासाठी. दुसऱ्या मजल्यावर थांबलो, हिच्यासाठी. दोन्ही पिशव्या हातात घेऊन ही एक शब्द न बोलता उभी. दम लागला की बोलणं होत नाही, मला कळतं ते.

४ सप्टेंबर
तक्ता केला. दुरुस्तीच्या बाजूने एकोणीस मुद्दे, घर बदलण्याच्या बाजूने दोन. (एक, हिचा हट्ट. दोन, जागा मोकळी सोडलीय, पुढे काही सुचलं तर.) हिने तक्ता वाचून विचारलं की सातवा मुद्दा ‘वरून रस्ता दिसतो’ आणि बारावा ‘वरून रस्ता चांगला दिसतो’, यात फरक काय. फरक उघड आहे. समजावत बसलो नाही.

५ सप्टेंबर
उद्यापासून मोजमाप. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, बाहेरून कुणाला बोलवायची गरज काय? ऑफिसात मला ‘टेप’ म्हणायचे. माझं पाऊल पंच्याहत्तर सेंटिमीटर, ना एक कमी, ना एक जास्त. एकदा चीफसाहेबांनी पैज लावून मला अख्खं मैदान पावलांनी मोजायला लावलं आणि मागून स्टीलची टेप लावली. फरक आला चार सेंटिमीटरचा. साहेब म्हणाले, उन्हाने टेप वाढली असेल.

६ सप्टेंबर, सकाळी ७.३०
चमत्कार!!

हॉल अकरा पावलं भरला. एकतीस वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा मीच काढलेला नकाशा आहे, त्यात आठ पावलं. म्हणजे सहा मीटर. आज सव्वाआठ! पुन्हा मोजला. अकरा. फर्निचर सरकवून मोजला. अकरा. बेडरूम तेव्हा चार पावलं, आज साडेपाच.

सकाळी ९.००
कारणमीमांसा. तेव्हा मी तरुण होतो, घाईत मोजलं असणार. चुकलो असणार. स्वतःची चूक कबूल करायला मोठं मन लागतं, ते माझ्यापाशी आहे. तात्पर्य: एकतीस वर्षं आम्ही सव्वादोन मीटर वापरलेच नाहीत! आणि ही म्हणते घर बदला. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

७ सप्टेंबर
हिला आनंदाची बातमी दिली. हॉल वाढला हे ऐकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, अहो, शिलाई मशीनच्या खणात टेप आहे, आणू का? म्हटलं, ती कापडाची, भिंतीला चालत नाही. ती आत गेली. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. खोकला डॉक्टरला दाखवायला हवा. यादीत टाकला.

९ सप्टेंबर
सुतार येऊन गेला. बेडरूममध्ये भिंतभर कपाट ठरलं, खालचे कप्पे कमरेच्या उंचीवर, म्हणजे हिला वाकावं लागणार नाही. तीन भागांत करायचं, एकेक भाग एक मीटर पस्तीस. सुताराने खिशातून टेप काढली. म्हटलं, ठेवा ती आत. सही केलेला नवा नकाशा हातात दिला. त्याने नकाशाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, साहेब, नक्की ना? म्हटलं, चौतीस वर्षं. म्हणाला, बरं, कागद तुमचा.

हल्लीच्या कारागिरांत जुन्या माणसांबद्दल आदर उरला नाही.

११ सप्टेंबर
संकल्प: रोज जिना दोनदा. तिसरा मजला हीच आमची व्यायामशाळा. तळमजल्यावर राहणारी माणसं लवकर थकतात, हा विसावा मुद्दा तक्त्यात घातला.

१२ सप्टेंबर
एकदा.

१३ सप्टेंबर
एकदा, पण मन लावून. दुसऱ्या मजल्यावर थांबून सगळ्यांचे विजेचे मीटर वाचले. ही एक प्रकारची समाजसेवाच.

१५ सप्टेंबर
दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी विचारलं, रोज माझा मीटर का वाचता? काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणालो, जरा जोरात पळतोय. त्यांनी लगेच इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने दुपारभर सगळी वायरिंग उघडून ठेवली, मॅडमचा फ्रिज बंद. मीटर व्यवस्थित आहे. मॅडमच्या मनःशांतीसाठी जिन्याचा व्यायाम तूर्त स्थगित.

१८ सप्टेंबर
संध्याकाळी बागेपर्यंत फिरलो. ही फारच हळू चालते हल्ली. एके काळी माझ्या दहा पावलं पुढे असायची आणि मागे वळून मला बोलायची. आता अगदी बरोबरीने. मी वेग आणखी कमी केला, तर तीही कमी करते. वाईट वाटलं.

परत येताना पुन्हा म्हणाली, तीस तारखेपर्यंत सांगायचंय हं. म्हटलं, कपाट एकदा बसू दे, तूच नको म्हणशील.

२२ सप्टेंबर, सकाळी १०.१५
कपाट आलं! चार माणसं, चोपन्न पायऱ्या. मी वरून सूचना देत होतो. पहिला भाग बसला. झकास! दुसराही बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिला हाक मारली, म्हटलं, बघ, याला म्हणतात नियोजन.

सकाळी १०.४०
तिसरा भाग बसत नाही.

सकाळी ११.२०
तिसरा भाग आडवा, उभा, तिरका, कसाही बसत नाही. उरलेली जागा तीस सेंटिमीटर. सुताराने कपाट मोठं केलंय. खडसावलं. त्याने शांतपणे टेप लावून दाखवली: एक मीटर पस्तीस. म्हटलं, मग टेपमध्ये दोष आहे. मागून कुणीतरी पुटपुटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ती चार माणसं नव्हती. आवाज बाईमाणसाचा होता.

२३ सप्टेंबर
तिसरा भाग जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये उभा. लोक अंग चोरून जातात. पेपरवाल्याने त्यात आमचा पेपर ठेवला. सोयीचं आहे.

२४ सप्टेंबर
कुणीतरी त्यात छत्री टांगली. कुणीतरी चपला ठेवल्या. पोस्टमन सगळ्या मजल्यांची पत्रं त्यातच टाकून खालच्या खाली पसार होतो. माझ्यामुळे इमारतीला एक सार्वजनिक कपाट मिळालं, हे कुणी बोलून दाखवत नाही. मॅडमनी फक्त एवढंच विचारलं की हे खाली माझ्या मीटरसमोर कधी सरकवणार.

२६ सप्टेंबर, दुपारी
सुतार पुन्हा आला. वाद नको म्हणून मीच सुचवलं, फैसला होऊन जाऊ दे. टेप हॉलमध्ये पसरा, मी शेजारून दहा पावलं चालतो. साडेसात मीटर भरले नाहीत तर मिशा उतरवीन. हॉलमध्ये एवढी टेप मावेना, दारातून बाहेर जिन्यापर्यंत सोडली. चाललो. अगदी नेहमीसारखा, ऐटीत.

साडेपाच मीटर.

पुन्हा चाललो. साडेपाच. सुतार खाली बघत टेप गुंडाळत होता, खूप सावकाश. एरवी ती एका झटक्यात आत जाते. म्हणाला, साहेब, माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. पाऊल आखडत जातं, कळत नाही.

हॉल सहा मीटरच आहे. नेहमीच होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हिने चहा आणून दिला आणि समोर बसली. हसेल म्हणून मी तयारीत होतो. हसली नाही. मीच म्हटलं, तुझ्या गुडघ्यांमुळे हे सगळं सुरू झालं. तेव्हा म्हणाली, अहो, माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. तीन वर्षं तुमच्या चालीने चालतेय. जिन्यात तुम्ही थांबता, म्हणून मी थांबते.

मग पिशव्यांचं काय, असं विचारणार होतो. विचारलं नाही. त्या नेहमी तिच्याच हातात असतात, हे तेवढ्यात आठवलं. लाज वाटली. लाजेपेक्षाही जास्त काहीतरी वाटलं, त्याला चहा पुरला नाही.

२७ सप्टेंबर
कपाटाचा तिसरा भाग मॅडमनी ठेवून घेतला. त्यांच्याकडे अगदी फिट्ट बसला. त्यांनी आधी टेप लावली होती.

मिशा उतरवल्या. शब्द म्हणजे शब्द. आरशात कुणी भलताच माणूस दिसतो. हिचं मत, वाईट नाही दिसत. हिचं मत प्रथमच निर्विवाद मान्य.

२९ सप्टेंबर
तक्ता पुन्हा लिहायला घेतला. घर बदलण्याच्या बाजूने दुसरा मुद्दा: माझे पाय. लिहिलं, खोडलं, ‘परिस्थिती’ असं लिहिलं, तेही खोडलं, पुन्हा माझे पाय. दुरुस्तीच्या बाजूचे वीस मुद्दे वाचले. वीसही बरोबर आहेत. तरी हरले.

३० सप्टेंबर, सकाळी ८.००
निर्णय: घर बदलायचं. मीच जाऊन मालकीणबाईंना सांगणार. त्यानंतर मुलीला फोन. ती दूर राहते, बापाला अजूनही पहाड समजते, तिला धक्का बसणार. काय बोलायचं ते लिहून काढलं, म्हणजे आवाज कापणार नाही. सुरुवात: बाळ, जरा बस. घाबरू नकोस.

सकाळी ११.३०
मालकीणबाईंना भेटलो. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, या, पायरी जपून. पायरी एकच होती.

दुपारी १२.०५
मुलीला फोन केला. म्हटलं, बाळ, जरा बस. घाबरू नकोस. इतके दिवस मी आईच्या गुडघ्यांचं सांगत होतो, पण खोटं कशाला? मलाच जिना चढवत नाही. तीन वर्षं झाली. आज तुझ्या बापाने हे मान्य केलंय.

पलीकडे शांतता. म्हटलं, रडतेय पोर.

म्हणाली, हो बाबा, माहितीये. तो फ्लॅट मीच शोधून दिला आईला. बरं, फोन तिच्याकडे द्या ना, पडद्यांचा रंग ठरवायचा राहिलाय.

दुपारी १२.५०
अजून पडदेच चाललेत.