मालकीण वारली असं लिही

मारतहळ्ळी, ५ जुलै २०२४

ती. अंबुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर सांभाळून घे. नोकरी गेल्यापासून नवा उद्योग काढलाय. देणगीत आलेलं सामान विकणारं एक धर्मादाय दुकान आहे. तिथून जुनी भांडी स्वस्तात उचलायची, घासायची आणि ऑनलाइन लिलावात लावायची. बोली लावणारे आपलेच, पुण्या-नागपूरहून इकडे येऊन राहिलेले. स्वतःच्या आजीची भांडी मोडीत घालून आलेत, आता दुसऱ्याच्या आजीची शोधतात. सगळ्यांत हौशी तुझी सूनबाई, आपली श्वेतावहिनी. विकणारी मी, हे तिला ठाऊक नाही.

पण परवाच्या डब्याला कुणी विचारत नाही. 'पितळी डबा, उत्तम स्थितीत' असं लिहिलंय. तू गोष्टी रचण्यात पटाईत, काहीतरी सुचव.

माया असू दे, थापाही असू देत.
तुझी शाल्मली

बोम्मसंद्रा, ११ जुलै

चि. शाल्मलीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तम स्थितीत म्हणे. डबा विकतेस की मुलाचं स्थळ सुचवतेस? डबा विकायचा नसतो गं, त्यामागची बाई विकायची असते, आणि ती मेलेली हवी. जिवंत बाईचं भांडं म्हणजे भंगार. मेलीचं म्हणजे वारसा. मालकीण वारली असं लिही. शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं घासायची, असं जोड. लोक स्वल्प रडतील आणि बोली चढवतील.

या वृद्धाश्रमात ठीक आहे. वरणात डाळ शोधावी लागते, तेवढाच विरंगुळा. माझ्या अभिराजनं शब्द दिलाय, वॉकर न धरता पन्नास पावलं चाललीस की गवीपुरमच्या घरी नेतो. घर आहे तसंच आहे, दर शनिवारी जाऊन दिवा लावतो म्हणाला. माझी एकतीस झाली. काल पडले, ते पाऊल धरलेलं नाही.

जीव लावून आहेस, तसाच लाव.
तुझी आत्या

मारतहळ्ळी, ४ ऑगस्ट

ती. अंबुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डबा गेला. तुझी युक्ती रामबाण. महिन्याभरात नऊ बायका मारल्या, एकीलाही कमी भाव आला नाही.

काल एक मोठं तांब्याचं घंगाळ मिळालं. दुकानातला मल्लाप्पा सांगतो, याची मालकीण खरंच वारली. मुलानं अख्खं घर टेंपोत भरून आणून टाकलं, जागा बिल्डरला दिली. म्हणजे या खेपेला खोटं बोलायचेही कष्ट नाहीत. एका कडीला तार गुंडाळलेली आहे, आणि काठावर कन्नडमध्ये नाव कोरलंय. मला ते वाचता येत नाही; रांगोळी काढावी तशी अक्षरं खाली उतरवलीत. वाचून कळव. लिलाव सुरू केलाय, पुढच्या रविवारी संपेल.

तुझं माझ्यावर आहे ते प्रेम पातळ होऊ देऊ नकोस.
शाल्मली

बोम्मसंद्रा, ७ ऑगस्ट

चि. शाल्मलीस,
आशीर्वाद.

अक्षरं छान काढलीस. वरची ओळ अंबुबाई. खालची प्रतापराव.

मी वारल्याचं मला कुणी कळवलं नाही, नाहीतर सुतक तरी पाळलं असतं. ती तार मीच बांधली. तुझे आतोबा गेले त्या वर्षी कडी निखळली. दुरुस्तीला द्यायचं म्हणजे घराबाहेर काढायचं, म्हणून तारेवर भागवलं. एकोणीस वर्षं रोज त्यातच पाणी काढलं.

नेमकी आज एकावन्न पावलं झाली. नर्सनं टाळ्या वाजवल्या. अभिराजला कळवू नकोस, बिचाऱ्याला नवीन कारण शोधावं लागेल.

घंगाळ लिलावातून काढ आणि मला आणून दे. दुसरं काही मागत नाही. खाटेखाली मावेल, मी वितीनं मोजून पाहिलंय.

लोभ आहे असं धरून चालते.
आत्या

मारतहळ्ळी, २५ ऑगस्ट

ती. अंबुआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पत्र शुक्रवारी मिळालं, लिलाव संपायला दोन दिवस होते. पण सतरा जणांनी बोली लावली होती. मध्येच वस्तू काढली की रेटिंग पडतं, आणि माझं मोठ्या मुश्किलीनं चार पूर्णांक नऊवर गेलंय. शिवाय तुझं तारेबद्दलचं लिहिणं इतकं सुंदर होतं की मी ते तसंच जाहिरातीत घातलं. त्यानंतर बोली दुप्पट झाली.

घेतलं श्वेतावहिनीनं. घरातलं सामान तिनंच न बघता गोण्यांत भरलं होतं, तिला कुठून ओळखू येणार? काल त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. दारातच घंगाळ, त्यात मनीप्लांट. येणाऱ्या प्रत्येकाला ती तारेची गोष्ट सांगत होती आणि दर वेळी तिचे डोळे भरून येत होते. अशा बायका आता राहिल्या नाहीत, म्हणाली.

अभिदादाला कन्नड वाचता येतं. तो घंगाळासमोर बराच वेळ उभा होता. मग त्यानं ते उचलून नाव भिंतीकडे येईल असं फिरवलं आणि पाहुण्यांना केसरीबात वाढायला गेला. मी काही बोलणार होते, पण मग विकलं कुणी तेही सांगावं लागलं असतं. तुझी चौकशी केली तर म्हणाला, आई मजेत आहे, आता शंभर पावलांचं बघतोय.

रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.
तुझीच शाल्मली

ता. क. मल्लाप्पाकडे त्याच घरच्या अजून दोन गोण्या आहेत. नाव वाचून देण्याचा त्रास तुला पडणार नाही. तेवढं कन्नड आता मला येतं.