बेन्सेस्लाओच्या निरोपाला मी काय ओरडलो, त्याचा खुलासा

सान त्रिफोन, सोमवार

तीर्थरूप ओबदुलिया आत्यास,

एलिहियोचा वाकून नमस्कार. आधी आशीर्वाद द्यावा आणि मग रागवावं, म्हणजे रीत मोडणार नाही. डोंगरातली थंडी तुमच्या कंबरेला बाधत नसेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. बायको माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

तुमचा निरोप भाजीच्या ट्रकवाल्याने आज सकाळी दिला (चौकात, मोठ्याने, तुमच्याच शब्दांत). काल दुपारी तुमच्याकडे जपमाळ चालू असताना रेडिओतून माझा आवाज आला आणि पाद्रीबाबांच्या हातातली कॉफी सांडली, हे ऐकून वाईट वाटलं. रेडिओ हवामानासाठी लावला होता, असं तुम्ही म्हणता म्हणून मी मानतो. पण नेमकं काय झालं ते माझ्याकडूनही ऐकावं.

बेन्सेस्लाओ पोलांको बावीस वर्षं आमच्या पेलिकन बेसबॉल संघाचा कॅचर, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. निम्मा जन्म उकिडवा बसून काढल्यामुळे गुडघे पार कामातून गेलेले; हंगाम संपेपर्यंत थांबायलाही ते तयार नव्हते, म्हणून कालचा त्याचा शेवटचा सामना. चेंडू मारावा तर त्यानेच, पण मारल्यावर पळावं लागतं, तिथे घोडं पेंड खायचं. आणि बावीस वर्षं मी पळत गाठायच्या पहिल्या टप्प्याजवळ, म्हणजे पहिल्या बेसजवळ, कुंपणाला लागून बसून त्याला त्याबद्दल बोलत आलो. घाण शब्द नाही, आईबहीण नाही. फक्त माझं प्रामाणिक मत, की साखर कारखान्याचं धुराडं त्याच्याआधी बेसवर पोचेल. त्याने एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

निरोपासाठी आम्ही प्रेक्षकांनी समिती केली. अध्यक्ष फुलहेन्सिओ न्हावी. ठरलं असं, की महोगनीची झुलती खुर्ची द्यायची, आणि त्या दिवशी मैदानात वाकडा शब्द कोणी काढायचा नाही. (हे म्हणताना सगळी समिती माझ्याकडे बघत होती.) मग फुलहेन्सिओ म्हणाला, ‘‘आणि भाषण एलिहियो करेल.’’

‘‘मी? मी का म्हणून?’’

‘‘त्यानेच तुझं नाव सांगितलं. दाढी करत होतो त्याची. मला वाटलं, वस्तरा कुठे खोल लागला की काय.’’

तीन दिवस खपून चार पानं लिहिली. मैदानाच्या मधोमध उभा राहून ‘‘वाऱ्यासारखा चपळ आमचा बेन्सेस्लाओ’’ इथपर्यंत आलो, तर मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं मैदानच हसायला लागलं. बेन्सेस्लाओ माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘हे कोणाबद्दल चाललंय?’’ मी दोन पानं गाळली. त्यानंतर खुर्ची किती मजबूत आहे हे दाखवायला फुलहेन्सिओ स्वतः तिच्यात बसला. खुर्ची मजबूत नव्हती. आता ती एकाच बाजूला झुलते.

खेळ शेवटच्या डावापर्यंत आला तेव्हा आम्ही एका धावेने मागे होतो. तिसऱ्या बेसवर आमचा गडी उभा, बेन्सेस्लाओ पहिल्या बेसला पोचला तर बरोबरी, नाही तर खेळ खलास. तो बॅट घेऊन आला आणि अख्खं मैदान उठून उभं राहिलं, टोप्या छातीशी, चिडीचूप. त्याचे दोन चेंडू हुकले. एवढ्यात त्याने पंचाला हात केला आणि लंगडत थेट आमच्या कुंपणाशी आला.

‘‘एलिहियो, बरं नाही का तुला?’’

‘‘बराय की.’’

‘‘मग दातखीळ का बसलीय? हे सगळे असे उभे आहेत, जसा मी पेटीत आडवा झालोय आणि झाकण लावायचंय!’’

‘‘समितीची बंदी आहे.’’

‘‘समिती गेली खड्ड्यात. हे गुडघे बावीस वर्षं कशावर पळाले असं वाटतं तुला? तेलावर? तुझ्यावरच्या रागावर पळाले, लेका!’’ एवढं बोलून तो परत गेला.

आत्या, आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मी ओरडलो. ‘‘पळ रे गाढवा, धुराडं निघालंय!’’ रेडिओवरचा माणूस आदराने गप्प होता, म्हणून देशभर माझा एकट्याचाच आवाज गेला. यात माझा दोष नाही. बेन्सेस्लाओने चेंडू जमिनीलगत मारला आणि पळाला. खरंच पळाला. शेवटी पोटावर झेप घेतली. धूळ उडाली, पंचाने वाकून पाहिलं आणि हात वर केला. बाद.

मी रडलो नाही. धूळ होती. (बायकोने मुलांकरवी कळवलं, रेडिओवर तेही ऐकू आलं.)

तो कपडे झटकत माझ्याकडे आला. ‘‘किती फरक होता?’’

‘‘धुराडं जिंकलं. एका पावलाने.’’

‘‘एकाच?’’ असं म्हणून तो जो हसला, तसा बावीस वर्षांत हसलेला मी पाहिला नव्हता.

पाद्रीबाबांना माझा नमस्कार आणि कॉफीबद्दल क्षमा सांगावी. मुलं तुमची आठवण काढतात.

तुमचा भाचा,
एलिहियो

ता. क. पत्र लिहिलं ते एका कामासाठी. माझ्या शेजारची आतोबांची खुर्ची ते गेल्यापासून चार वर्षं मी रिकामी ठेवली आहे. दर सामन्याला त्यांची टोपी तिच्यावर ठेवतो. बेन्सेस्लाओला आता दुपारी घरी बसवणार नाही. त्याला तिथे बसू द्यावं का? तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.

ता. ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, आज गुरुवार. तो कालच बसला. टोपी मांडीवर घेऊन बसला, त्याबद्दल तक्रार नाही. पण झेल सोडणाऱ्यालासुद्धा ‘‘असू दे पोरा, होतं असं’’ म्हणतो, आणि समोरच्या संघाला टाळ्या वाजवतो. आतोबांच्या खुर्चीतून असलं बोलणं लोकांनी ऐकलं, मला मान वर करवेना. तेव्हा रविवारच्या बसने तुम्हीच या. मागे आतोबा आजारी असताना त्यांच्या जागी तुम्ही एकदा बसला होतात, तेव्हा चेंडू टाकणाऱ्या ज्या पिचरला तुम्ही बोललात, त्याने पुढे खेळणं सोडून बेकरी काढली. पाद्रीबाबांना सांगा, कंबरेच्या डॉक्टरकडे जाते.