चिठ्ठ्या कोणासाठी

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ६.१०
कपाटावर ‘कपाट’ अशी चिठ्ठी चिकटवत होतो. एकूण एकेचाळीस झाल्या. नळ, चष्मा, संडास, गॅस (हात लावू नये). शाळा नववीत सुटली, पण माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला कोणी नावं ठेवून दाखवावीत. बाबांचं विसरणं हा शिस्तीचा प्रश्न आहे. आठवड्यात फरक पडेल.
६.४०. बाबांनी ‘संडास’ची चिठ्ठी काढून खिशात ठेवली.

मंगळवार, ४ मार्च
मी कामाला असतो त्या छापखान्याचे मालक भेटले. बाबांना एकटं सोडता येत नाही, त्यामुळे खाडे फार झालेत. पावतीपुस्तकांची प्रुफं तुझ्याइतकी बारकाईनं कोणी वाचत नाही, म्हणाले. मग म्हणाले, सोमवारी दहाला आलास तर ठीक, नाहीतर दुसरा बघतो.
प्लॅन: रविवारी ताई येतेय. बाबांची अवस्था डोळ्यांनी पाहिली की दोन महिने तरी त्यांना घेऊन जाईल. फोनवर तिला वाटतं, मी कामाचा कंटाळा करतो.

बुधवार. दुपारी ३
बाबांनी तीनदा विचारलं, मीटर बघायला आलात का. शांत राहिलो. चौथ्यांदा नाही राहिलो. आता वहीत वेळेसकट नोंदी. पुरावा हवा.

शुक्रवार, ७ मार्च
नोंदी बासष्ट. चष्मा फ्रीजमध्ये: २. दूध उतू: ३. मला न ओळखणं: १९. ताई वाचून रडणार. रुमाल इस्त्री करून ठेवला.

शनिवार
बाबांना ताईचा फोटो दाखवला. शेजारीण, म्हणाले. उत्तम. उद्या हेच म्हणाले की काम फत्ते. असा विचार आल्याची लाज वाटली. थोडी.

रविवार, ९ मार्च. सायंकाळी ५
विश्वासघात.
ताई दारात येताच बाबांनी तिला लाडाच्या नावानं हाक मारली. जावयाच्या गुडघ्याची चौकशी केली. भाचीची इयत्ता सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. मी घाईनं वही काढली. तेवढ्यात ताईनं चिठ्ठ्या पाहिल्या नि विचारलं, हे काय. बाबा तिच्या कानाशी झुकले, पण आवाज घरभर.
“त्याच्यासाठी आहेत गं. पोराच्या काही लक्षात राहत नाही. मी आहे म्हणून चाललंय.”
मी ओरडलो. ओरडायला नको होतं. बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, बघितलंस ना, असं. ताईनं वही चाळली. मिनिटांसकट नोंदी, लाल शाईत बेरजा. रडली, पण माझ्यासाठी. झोप लागते ना रे, म्हणाली. माझ्या टॉनिकचे पाचशे रुपये बाबांच्या हातात दिले आणि याच्याकडे लक्ष ठेवा म्हणून गेली.

सोमवार, १० मार्च. सकाळी ११.२०
आठला निघालो तर दाराला आतून कुलूप. किल्ली बाबांच्या मुठीत.
“तुझी ताई सांगून गेलीय. तुला एकट्याला नाही सोडणार मी.”
वर्षभरात एवढी एकच गोष्ट दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात राहिली. मी कोण, हेही. विनवण्या केल्या, पाया पडलो. दहा वाजले. मालकांना फोन करून सांगितलं, वडिलांनी कोंडलंय. त्यांनी माझं वय विचारलं. खुर्चीवर दुसरा बसलाही होता.
बाबांनी माझा चहा बशीत ओतला, फुंकर घालून दिला. प्यायलो.

खर्च: कागद, चिकटपट्टी, स्केचपेनं, २१४ रुपये.
जमा: ताईचे ५००. बाबांनी जपून ठेवलेत. कुठे, ते मला विचारतात.
देणं: मालकांकडून घेतलेली उचल, ३,०००. पगारातून फिटणार होती.