उरलेली हळद

तीर्थस्वरूप दादा, नाशिकहून वाल्मीकचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. वहिनींची कंबर आता कशी आहे?

परवा फोनवर मी म्हणालो, अवकाळी पाऊस सरेपर्यंत उरलेली हळद काढू नका. शिजवून वाळत घातली आणि भिजली, तर रंग जाईल. तुम्ही म्हणालात, "आभाळ तुझ्या मोबाईलात न्हाई, माझ्या डोक्यावर हाय. जमिनीतच सडली मंग?" नंतर दोघंही चिडलो, म्हणून लिहितोय.

खरं तर काय बरोबर, हे मलाही ठाऊक नाही. जूनपासून तुम्ही सांभाळलेलं पीक, आणि बिघडलं तर लोकांची बोलणीही तुम्हालाच खावी लागणार.

पत्र पोचेपर्यंत तुमचं ठरलं असेल. काढा किंवा राहू द्या; कुणी विचारलं तर वाल्मीकनं सांगितलं म्हणून केलं, असं सांगा.

तुमचा धाकटा,
वाल्मीक