पाटल्या

आई, "भाऊ गेला तेव्हा वहिनीचं डोकं तू भादरलंस का?" असं शेजारणीने काल मला विचारलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

ती नायजेरियाची, इग्बो. नवऱ्याचं तिकडे दफन करून परवा इथे परदेशात, नायमेखनला परतली ती डोकं भादरलेली. नणंदांनी खाली बसवून वस्तरा चालवला. त्यांच्यात लग्न होऊन गेलेली मुलगीही मरेपर्यंत माहेरचीच लेक. सासरी कुणी तिला मारलं तर बाकीच्या लेकी जाऊन दारात ठाण मांडतात. घरातलं भांडण असो की मयत, त्या जमल्याशिवाय पान हलत नाही. भावजया चळचळा कापतात. "माझ्या भावजयीचं डोकं मीच भादरलं होतं," ती चहा ढवळत म्हणाली. "रडायला लागली. म्हटलं, आवाज कमी." मला किळस आली नाही. हेवा वाटला.

बाबांच्या तेराव्यानंतरची दुपार. मी एम. ए. झालेली, घराचं काय करायचं यावर दोन वाक्यं बोलते. तू पोळी लाटते आहेस, मान वर करत नाहीस. "तुला दिली आम्ही. पाहुणीसारखी ये, पाहुणीसारखी जा." मग हक्कसोडपत्रावर सही, वर एक जांभळी साडी. आणि स्वतःच्या पाटल्या उतरवून माझ्यादेखत सुनेच्या हातात चढवल्यास.

गेल्या वर्षी भाऊ गेला. मी पोचले आणि त्या घरात पहिल्यांदाच सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. वहिनी भिंतीला टेकून बसलेली.

"पाटल्या काढ. आता शोभत नाहीत."

"वन्सं, दिवस तरी होऊ द्या."

"आत्ता."

निघेनात. मी साबण मागवला. भाची दारात उभी राहून बघत होती. तू तेव्हा जिवंत असतीस तर म्हणाली असतीस, बरं केलंस. तेच मला सहन होत नाही.

शेजारणीला मी म्हटलं, "छे, आमच्यात केस नाही कापत."

"मग काय काढून घेता?" तिने सहज विचारलं.

भाचीही आता इकडेच, स्लोटरडाइकला आयटीत आहे. आज तिथल्या स्टेशनवर तिला गाठलं. मी दिलेली पाटल्यांची डबी उघडून ती म्हणाली, "आत्या, आई आता या घालणार नाही."

"मग तू घाल."

"मी? या?" तिने डबी मिटली. मी माफी मागितली नाही. तुझीही मागणार नाही; हा कागद कुठे पाठवायचा नाहीच.

दिल्या: पाटल्या दोन, नक्षीत सुकलेल्या साबणासकट. घेतल्या: भाचीने. वर्षभरात मी त्या एकदाही घातल्या नाहीत. माझ्या हातात चढतच नव्हत्या.